सोळा डिसेंबरनंतरचे सैनिक

‘बँड ऑफ ब्रदर्स’ या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी पडद्यावर दोन वाक्यं उमटतात. अल्बर्ट ब्लाइथ जखमांतून कधीच सावरला नाही आणि १९४८ मध्ये तो वारला, एवढाच त्यांचा अर्थ. तोवर तासभर आपण या ब्लाइथच्या मागे फिरलेलो असतो. नॉर्मंडीत पॅराशूटनं उतरलेला, आपल्या तुकडीपासून हरवलेला, भीतीनं काही वेळ चक्क डोळ्यांनी दिसेनासं झालेला हा पोरगा. खंदकात अंग आखडून बसलेला. मग कुणीतरी ओरडून उठवल्यावर गोळ्या झाडायला लागलेला, आणि सगळ्यात शेवटी, पुढं कोण जातं असं विचारल्यावर स्वतःहून तयार झालेला. तिथंच त्याला गोळी लागते. मग ती दोन वाक्यं येतात आणि आपण गप्प बसतो.

ती वाक्यं खोटी आहेत. ब्लाइथ बरा झाला. सैन्यातच राहिला. कोरियाच्या युद्धात गेला, त्याला बढत्या मिळाल्या, त्यानं संसार केला. डिसेंबर १९६७ मध्ये जर्मनीत, नोकरीवर असतानाच, तो आजारानं गेला आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला दफन केलं गेलं. म्हणजे मालिकेनं एका खऱ्या माणसाच्या आयुष्याची एकोणीस वर्षं कापून टाकली. कुणी मुद्दाम केलं नाही. युद्धानंतर त्याच्या सोबत्यांचा त्याच्याशी संबंध राहिला नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की तो गेला. मालिका करणाऱ्यांनी त्यांच्या आठवणीवर भरवसा ठेवला. भ्यालेला सैनिक पुढं नीट जगला असेल, अशी शंकाही कुणाला आली नाही.

मला हे कळलं ते माझ्या मुलामुळे. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि बारामतीत जी शेकडो मुलं पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं पळताना दिसतात त्यांतला एक आहे. सोळाशे मीटर, पुलअप्स, मग घरी येऊन चार अंडी आणि दुपारी लेखी परीक्षेचा अभ्यास. अग्निवीर व्हायचं आहे. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्केच पुढं कायम होणार, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. अकॅडमीतल्या मुलांनी एकमेकांना या मालिकेचे तुकडे पाठवले होते. बहुतेक ते तुकडे कॅप्टन विंटर्सचे किंवा ती गाजलेली बॉम्बगोळ्यांच्या माऱ्यातून एकटाच धावत जाणाऱ्या स्पियर्सची दौड. मुलानं सगळे दहा भाग मोबाईलवर, खालची इंग्रजी अक्षरं वाचत बघितले आणि मग माझ्या मागे लागला, “अम्मी, तू पण बघ.” मी रात्री स्वयंपाकघर आवरून एकेक भाग बघायला लागले. युद्धाचं मला फार काही आवडतं असं नाही. पण तिसऱ्या भागापासून मला माझे इंदापूरचे मामू आठवायला लागले आणि मग थांबता येईना.

मालिका चांगली आहे, हे आधी कबूल करायला हवं. ती २००१ साली आली. पहिला भाग दाखवला गेला ९ सप्टेंबरला, आणि दोन दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे पडले. त्यानंतर जगभर आपल्या नावांचं काय झालं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. पण त्या मालिकेत शत्रूला राक्षस करून टाकलेलं नाही. एका अमेरिकन पॅराशूट रेजिमेंटची एक कंपनी, तिचं जॉर्जियातल्या टोकोआ इथलं प्रशिक्षण, मग नॉर्मंडी, हॉलंड, बास्तोन्यचं गोठलेलं जंगल आणि शेवटी ऑस्ट्रिया. आधार स्टीफन अँब्रोज या इतिहासकाराच्या पुस्तकाचा. भागांच्या सुरुवातीला काही म्हातारी माणसं कॅमेऱ्याकडं बघून बोलतात. कुणाचा आवाज अडकतो, कुणी नुसतंच मान हलवून गप्प होतो. त्यांची नावं दहाव्या भागाच्या शेवटपर्यंत सांगत नाहीत. आपण तोवर त्यांना तरुणपणी, नटांच्या तोंडून, बघितलेलं असतं. कोण कोणता ते शेवटी कळतं.

मला वाटतं, या मालिकेचं सगळं सामर्थ्य इथं आहे. तरुण चेहरा आणि म्हातारा चेहरा. मधे काय झालं हे दाखवायला ती तयार आहे. विंटर्स एका वळणावर अगदी जवळून एका कोवळ्या जर्मन मुलाला गोळी घालतो, आणि पुढं पॅरिसच्या सुट्टीत, शांत रेल्वेच्या डब्यात, तोच मुलगा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहतो. कॉम्प्टन नावाचा धिप्पाड, हसतमुख अधिकारी आपल्या दोन मित्रांचे पाय तोफगोळ्यानं तुटलेले बघतो आणि आतून विझतो. कुणी त्याला भित्रा म्हणत नाही. (तो पुढं कॅलिफोर्नियात न्यायाधीश झाला. म्हणजे माणूस विझला तरी कायमचा विझतोच असं नाही.)

पण जिथं बदल दाखवायचा तिथं खरं नाव वापरायचं, आणि मग कथेला सोयीचं होईल तेवढंच घ्यायचं, हेही याच मालिकेनं केलंय. ब्लाइथ एक. दुसरा लेफ्टनंट डाइक. फॉय गावावरच्या हल्ल्यात तो गवताच्या गंजीआड बसून राहतो, तोंडातून शब्द फुटत नाही, त्याला काढून स्पियर्सला पाठवतात, आणि मुलांच्या मोबाईलवर फिरणारी ती दौड त्यातूनच येते. आता एका सोबत्यानं नंतर सांगितलं की डाइकला त्या हल्ल्यात खांद्याला गोळी लागलेली त्यानं पाहिली होती. त्याच युद्धात डाइकला शौर्याबद्दल ब्राँझ स्टारही मिळाला होता. तो १९८९ साली वारला. मालिका आली तेव्हा स्वतःची बाजू मांडायला तो नव्हता. ज्यांना तो आवडत नव्हता ते मात्र पुष्कळ होते. एकाची दौड अजरामर करायची तर दुसऱ्याला गंजीआड बसवावं लागतं.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “पण सिरीयलला कुणीतरी व्हिलन लागतोच ना.” लागतो. पण मग त्याला खोटं नाव द्यायचं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागलं, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. जोसेफ लीबगॉट. मालिकेत तो ज्यू आहे. ज्यू म्हणून चिडतो, ज्यू म्हणून मारामारी करतो. नवव्या भागात नाझींची छळछावणी सापडते तेव्हा हाडांचे सापळे झालेल्या कैद्यांशी जर्मन बोलायला त्यालाच पुढं करतात, आणि मग त्यांना पुन्हा कुंपणाआत ठेवावं लागेल हे सांगायची वेळही त्याच्यावरच येते. तो रडतो. मीही रडले. खरा लीबगॉट कॅथलिक घरात वाढलेला होता. त्याचं कुळ जर्मन भाषेचं, तो जर्मन बोलायचा, नाव तसं, म्हणून सोबत्यांचा समज झाला होता की तो ज्यू आहे. मालिकेनं तो समजच उचलला. छावणीतलं दुःख ज्यू नसलेल्या माणसाला तितकं झालं नसतं, असं लिहिणाऱ्यांना वाटलं असेल का? माणसाला धर्म आधी चिकटवायचा आणि मग त्याचा प्रत्येक राग, प्रत्येक अश्रू त्या धर्माच्या खात्यात टाकायचा. आपल्याला हे नवीन नाही.

आपल्याकडची मालिका म्हणजे ‘परमवीर चक्र’. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर लागायची. ‘हकीकत’वाल्या चेतन आनंद यांनी केलेली. आम्ही इंदापुरात राहायचो, चांदशाहवली दर्ग्यापासून फार लांब नाही. गल्लीत तेव्हा दोन की तीन टीव्ही. ज्या दिवशी अब्दुल हमीद यांचा भाग होता त्या दिवशी आमच्या घरात, ओट्यावर, खिडकीत मिळून चाळीसेक माणसं असतील. नसीरुद्दीन शाह यांनी अब्दुल हमीद केला होता. जीपवर लावलेली ती लांब नळीची तोफ, पुढून येणारे पॅटन रणगाडे. भाग संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या आजींनी फातिहा पढली. नटासाठी नाही, हमीदसाठी. आम्हाला शाळेत दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं जाता आलं. एवढं त्या भागानं आम्हाला दिलं, आणि ते कमी नव्हतं.

पण आज वाटतं, आपण सगळ्यांनी मिळून अब्दुल हमीद यांचं काय केलं? व्हॉट्सॲपवर, पंधरा ऑगस्टच्या भाषणात, पोस्टरवर, नेहमी तीच जीप, तेच रणगाडे. रणगाडे किती यावर वाद, कारण मानपत्रासाठी नाव पाठवलं गेलं तेव्हा शेवटच्या दिवसाची लढाई व्हायची होती. भाषण करणारे हवा तो आकडा सांगतात. जणू एक रणगाडा जास्त सांगितला तर आपली एक भाडोत्री खोली जास्त मिळणार आहे.

त्यांच्या आयुष्यातला जो बदल मला बघायचा आहे तो वेगळाच आहे. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा, शिंप्याचा मुलगा. जन्म १९३३. ४ ग्रेनेडियर्समध्ये गेला. १९६२ मध्ये ही पलटण नेफात, नामका चू नदीच्या काठी असलेल्या ७ ब्रिगेडमध्ये होती. त्या ब्रिगेडची काय वाताहत झाली ते तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी यांनीच पुस्तकात लिहून ठेवलंय. ते स्वतः चिन्यांच्या कैदेत पडले. उन्हाळी कपडे, हातात जुन्या बंदुका, दारूगोळा अपुरा. हमीद त्या पराभवातून जिवंत परत आले. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, खेमकरणजवळ असल उत्तरला जी चौथी डिव्हिजन उभी राहिली ती हीच, १९६२ मध्ये मोडलेली. आणि हमीद तेव्हा होते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. म्हणजे रेशन, कपडे, सामानसुमान वाटणारा माणूस. त्या तोफेवर आधी काही वर्षं काम केलेलं, नेम उत्तम, म्हणून त्यांना परत तिच्यावर बोलावलं गेलं. १० सप्टेंबरला ते गेले तेव्हा वय बत्तीस.

हरलेल्या सैन्यातून आलेला, कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारा, बत्तीस वर्षांचा बाप. नामका चूहून परत आल्यावर पहिल्या सुट्टीत तो धामूपुरात कसा वागला असेल? बायकोशी काय बोलला असेल? रसूलन बीबी त्यांच्यानंतर चोपन्न वर्षं जगल्या, २०१९ मध्ये वारल्या. नवऱ्याची स्मृती गावात नीट जपली जावी म्हणून म्हातारपणापर्यंत त्या झगडल्या. एवढं मोठं कथानक कुणी मालिकेत घेतलेलं मी पाहिलेलं नाही. हमीद यांना भीती वाटली असेल असं दाखवायची आपल्याकडं कुणाची छाती नाही. मुसलमान सैनिक घाबरला असं दाखवलं तर लगेच त्याचा वेगळा अर्थ काढतील, म्हणून आपणही ते मागत नाही. ब्लाइथला निदान घाबरण्याची परवानगी होती.

आता मामूंकडे येते.

मामू बॉम्बे सॅपर्समध्ये होते. खडकीला भरती झाले १९६६ च्या सुमारास. तिथं भरती होणाऱ्या प्रत्येकाला रामा राघोबा राणे हे नाव पाठ असायचं, कारण ते याच सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी तोफांच्या माऱ्यात, मांडीला जखम झालेली असताना, काढले. एके ठिकाणी तर रणगाड्याच्या पोटाखाली रांगत, वर बसलेल्या चालकाला दोरी ओढून इशारे देत पुढं सरकले. हे राणे जिवंत परत आले. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. आपल्याच कारवारकडचे, १९९४ मध्ये पुण्यात गेले. मामू त्यांच्याबद्दल बोलताना पराक्रम असा शब्द वापरत नसत. म्हणत, “काम चोख था उनका.” सॅपरला यापेक्षा मोठी पदवी नाही.

मामूंचं युद्ध १९७१ चं. पश्चिम सीमेवर त्यांच्या कंपनीनं सुरुंग पेरले. किती, कुठं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. जागांची नावंसुद्धा ते टाळायचे. मालिकांमध्ये, चित्रपटांमध्ये, पाठ्यपुस्तकांमध्ये ते युद्ध १६ डिसेंबरला संपतं. ढाक्यात सह्या होतात, पेढे वाटले जातात. मामूंचं युद्ध त्यानंतर सुरू झालं. पेरलेलं काढायचं होतं. ती शेतं होती. कुणाची तरी पेरणी यायची होती. नकाशावर रांगा आखलेल्या असतात, पण वाळू सरकते, पाऊस येतो, गुरं घुसतात, आणि जिथं असायला हवा तिथं सुरुंग नसतो. पोटावर झोपायचं, हातातली सळई जमिनीत तिरपी घालायची, थोडी थोडी. लागलं तर बोटांनी माती काढायची. एक एक हात जमीन. महिनोन्‌महिने. मामूंच्या शेजारच्या रांगेत काम करणाऱ्या एका साथीदाराचा पाय गेला, एकाचे दोन्ही हात. युद्ध जिंकून झालं होतं, वर्तमानपत्रात त्यांची बातमी आली नाही.

१९७२ च्या अखेरीस ते सुट्टीवर इंदापूरला आले. ते साल काय होतं ते आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, गुरं विकलेली, गावंच्या गावं दुष्काळी कामावर. खडी फोडायची, नालाबांध घालायचे, पोरांना सुकडी मिळायची, आणि घरात बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. आमचे नानासुद्धा अशाच कामावर जात होते. मामू त्यांचा डबा घेऊन गेले. समोर दोन-तीनशे माणसं, बायका, पोरं, सगळी ओळीनं कुदळी मारतायत. मुमानी सांगते की मामू तिथं रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि पुढं गेलेच नाहीत. डबा दुसऱ्याच्या हाती दिला. घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी नानांना म्हणाले, “अब्बा, कुदल आस्ते मारते जाव.” नाना हसले. दुष्काळी कामावर कुदळ हळू मारली तर मुकादम मजुरी कापतो.

त्या वर्षी प्रत्येक घरात भूक होती, त्यामुळे फौजेतून आलेला एक मुलगा थोडा बदललाय हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पगार येत होता. कॅन्टीनची दुधाची पावडर आली होती. चांगलं चाललंय, असंच सगळे म्हणत.

बदल आम्हा मुलांना दिसला, दहा-बारा वर्षांनी, ते हवालदार होऊन निवृत्त झाल्यावर. तोवर ते एका साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षा रक्षक म्हणून लागले होते. मामू कधी गवतातून चालत नसत. निमगाव केतकीला आमच्या एका नातेवाइकांचा पानमळा होता, तिथं जायचं म्हणजे आम्हा पोरांना मजा. मामू बरोबर असले की सगळ्यांनी एका रांगेत, मामूंच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचं. कुणी पुढं पळालं की एरवी कधी न ओरडणारा तो माणूस असा ओरडायचा की मळ्यातले लोक बाहेर यायचे. आम्हाला वाटायचं साप असेल म्हणून. मळ्यात साप होतेही, त्यामुळे ते पटायचं. कुणी काही विचारलं नाही.

‘परमवीर चक्र’ मामूंनी आमच्याबरोबर बघितली. हमीद यांच्या भागानंतर मोठी माणसं त्यांच्याभोवती जमली. गल्लीतला एकुलता एक फौजी. काही तरी बोला, असा आग्रह. मामू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की शूटिंग छान आहे, पण सैन्यात एवढी भाषणं कुणी करत नाही आणि जेवण फार वेळा येतं. सगळे हसले. मग कपबशी ठेवत ते म्हणाले, “बाद में क्या हुआ वो नहीं बताते.” मला तेव्हा वाटलं, ते हमीदबद्दल बोलतायत. हमीद तर शहीद झाले, बाद में काय होणार?

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल सुरू होतं तेव्हाची गोष्ट मी मामूंच्या मुलाकडून ऐकली. एसटी स्टँडसमोर चहा घेताना कुणीतरी ओळखीच्यानंच, रागानं नाही, अगदी सहज विचारलं, “चाचा, एकाहत्तरला तिकडच्यांवर गोळी झाडताना तुमचा हात थरथरला नसंल का हो?” विचारणारा वाईट माणूस नव्हता. मयतीला यायचा, ईदला यायचा. पण हा प्रश्न त्यानं शेजारी बसलेल्या दुसऱ्या माजी सैनिकाला विचारला नसता. मामूंनी चहा संपवला. मग म्हणाले, “मी गोळी झाडलीच न्हाई. मी सुरुंग पेरलं. सुरुंगाला कळत न्हाई पाय कुणाचा हाय. काढताना बी कळत न्हाई.”

त्या माणसाला हे उत्तर समजलं की नाही कोण जाणे. त्याला होय किंवा नाही हवं होतं. टीव्हीवर मुसलमान सैनिकाला नेहमी तोच प्रश्न पडलेला असतो आणि तो दर वेळी तो सोडवून मरतो. मामूंना तो पडलाच नव्हता. त्यांना पडलेला प्रश्न जमिनीबद्दलचा होता, की ही आता चालण्यासारखी झाली का.

मधे आपल्या मराठीतही एक फौजीची मालिका येऊन गेली, ‘लागिरं झालं जी’. साताऱ्याकडची भाषा, गावातली पोरं, भरतीचं वेड. आमच्या घरी रोज लागायची. अजिंक्य हा कल्पनेतला सैनिक, त्यामुळे त्याच्याबाबतीत खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही, आणि भरतीला जाणाऱ्या मुलाच्या आईची घालमेल तीत बरी आली होती. अर्थात तिचं मुख्य काम प्रेमकथेचं होतं. ते तिनं केलं. ‘चंदू चॅम्पियन’ मात्र मला मनापासून आवडला, मालिका नसून चित्रपट असला तरी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्याजवळ राहिलीच, कमरेखालचं शरीर गेलं, आणि १९७२ मध्ये, इकडं आमच्याकडं खडी फोडत होते त्या वर्षी, जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवलं. चित्रपटात युद्ध थोडा वेळ आहे आणि नंतरचं शरीर बराच वेळ. गाणीबिणी आहेत, बरंच वाढवलेलंही असणार. तरी त्यात ‘बाद में क्या हुआ’ आहे. आणि विजय राज यांनी केलेला प्रशिक्षक टायगर अली मुसलमान आहे, कडक आहे, पोरांना पिदडतो, आणि मुसलमान असण्याबद्दल त्याला एकदाही काही सिद्ध करावं लागत नाही. मी थिएटरात मुलाच्या कानात म्हटलं, बघ, असाही दाखवता येतो.

मग मामूंवर कुणी मालिका काढली तर? मुलानंच विचारलं. त्याला मामू धड आठवत नाहीत. ते गेले तेव्हा हा पहिलीत होता. मी विचार करत बसले. माझ्या आठवणीतले मामू लिहिले तर ते गवताला घाबरणारे होतील. कारखान्याच्या गेटवरच्या लोकांच्या आठवणीतले लिहिले तर शिस्तीचे, वेळेवर शिट्टी वाजवणारे. चहाच्या टपरीवर तर तो एकच प्रश्न. आम्ही सगळे त्यांच्यावर प्रेम करणारे, आणि तरी ब्लाइथच्या सोबत्यांसारखंच, प्रत्येकाकडं एक तुकडा आणि प्रत्येकाला वाटतं तोच पूर्ण माणूस. मामू उत्तम बासुंदी करायचे. पत्त्यांत फसवायचे. निवृत्तीनंतर पाचेक वर्षांनी ते एकटेच पंजाबात जाऊन आले होते, कुठल्या तरी गावात, आणि येताना मूठभर गहू घेऊन आले. हे मला मुमानीनं आत्ता, गेल्या महिन्यात सांगितलं. ते गहू तिनं निवडून दळणात टाकले. “और क्या करती?” म्हणाली.

म्हणून मुलाला मी इंदापूरला पाठवलं. बारामतीहून एसटीनं, काटेवाडी, सणसर, लासुर्णे करत. मुमानी आता पंच्याहत्तरच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं, पण मामूंचा विषय निघाला की जोरात बोलते. तो दिवसभर तिच्याजवळ बसला. पहिल्या सुट्टीत मामू रात्री उठले की अंधारात पाय उचलून टाकत नसत, घासत घासत दारापर्यंत जात, आणि ती जागी असूनही झोपल्याचं सोंग करायची, हे तिनं त्याला सांगितलं. मला ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. मुलींना सांगत नाहीत, भरतीला जाणाऱ्या मुलाला सांगावंसं वाटलं असेल. सळई कशी धरायची तेही तिनं करून दाखवलं म्हणे, भात परतायच्या उलथन्यानं. मामूंनी तिला कधीतरी शिकवलं होतं.

तो अजून पहाटे पळतो. मी त्याला अडवलेलं नाही, अडवणारही नाही. मोबाईलवर ती स्पियर्सची दौड अजून आहे. पुढच्या रविवारी तो परत इंदापूरला जाणार आहे. मामूंच्या पेन्शनच्या कागदांची पिशवी माळ्यावर आहे, ती खाली काढून ठेवते, पण जिन्यावर तूच चढ, असा मुमानीचा निरोप आहे.